बाहेरचा बिल्ला

आमच्या अण्णांशी माझं वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवरून वाजायचं. दाराची कडी. जबलपुरातल्या महाराजपूरचं आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, शेजारी चोरी होऊन गेलेली, आणि आमचं पुढचं दार रात्रंदिवस नुसतं लोटलेलं. मी चिडायची, "अण्णा, एखाद्या दिवशी कोणी भांडीकुंडी उचलून नेईल, तुम्हाला पत्ताही लागणार नाही." ते पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "अन् मोहन आला, अन् त्याले दार बंद दिसलं तं?"

मोहन माझा मोठा भाऊ. एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात, भर दुपारी, ह्याच दारातून तो बाहेर गेला आणि परत आला नाही. चपला दारात, सायकल भिंतीला टेकलेली. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. कोणी म्हणालं पनागरच्या भाजीबाजारात दिसला, अण्णा पनागरला धावले. कोणी म्हणालं भेडाघाटला साधूंबरोबर पाहिला, तिकडेही गेले. आईने तोच ध्यास घेतला आणि त्यातच ती संपली. मी शाळेत गणित शिकवते. इतक्या वर्षांनी माणूस घरी येण्याची शक्यता किती, हे मला कळतं. अण्णांना ते सांगायची माझी कधी छाती झाली नाही. मला एवढंच हवं होतं की ह्या म्हाताऱ्या माणसाने जाण्याआधी एकदा तरी दाराला कडी लावून निवांत झोपावं.

गेला तेव्हा मोहन खेळत होता. त्या खेळाबद्दल सांगायलाच हवं. त्याच्या मित्राच्या काकांनी परदेशातून एक खोका आणला होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसती नियमांची पुस्तकं आणि चित्रविचित्र कोनांचे फासे. टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार. तो सांगतो, तुमच्या समोर अमुक आहे, बोला, काय करता? बाकीचे आपापलं पात्र घेऊन उत्तर देतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. कॉलनीतली मोठी माणसं म्हणायची, पोरं येडी झाली. पण मोहनने त्या नियमांवर स्वतःचं एक गाव उभं केलं. मदन महालच्या टेकडीवर ते एकावर एक तोललेले काळे दगड आहेत ना, त्यांच्या पोटात वसलेलं गाव. नाव पायथा. दगडांमधून बोलणारी माणसं, धुवांधार धबधब्याच्या तुषारांतून नाव आणणारी नावाडीण, सगळं त्याचंच. त्याच्या झेरॉक्स प्रती नागपूर-पुण्यापर्यंत गेल्या. आज हा खेळ खेळणारी पोरं पायथ्याचं नाव निघालं की आदराने कानाला हात लावतात, हे मला फार उशिरा कळलं.

ह्या पायथ्याला एकच फाटक. फाटकाशी हजेरी टिपणारा टाइमबाबू बसतो. त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, खिडकीतून फक्त हात बाहेर येतो. हे मोहनने अण्णांच्या फॅक्टरीतून उचललं होतं. फॅक्टरीत प्रत्येक कामगाराचा नंबर ठोकलेला पितळी बिल्ला असे. आत जाताना फळीवरचा आपला बिल्ला काढून घ्यायचा. ज्याचा बिल्ला फळीवर लटकलेला, तो बाहेर. अण्णांनी कौतुकाने बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून पितळेचा पत्रा आणला, आम्हा प्रत्येकासाठी एकेक बिल्ला कापला, त्यावर नावाचं अक्षर ठोकलं आणि खिळे मारलेली लाकडी फळी पुढच्या दाराशेजारी टांगून दिली.

मोहनचे कडक नियम दोन. जो खेळाडू आला नाही त्याचा बिल्ला फळीवर राहील. त्याच्या पात्राला कोणी हात लावायचा नाही, त्याच्या वतीने फासे टाकायचे नाहीत. तो फाटकाबाहेर उभा आहे आणि त्याला काही होत नाही. दुसरा नियम, फळी कधी रिकामी ठेवायची नाही. सगळे हजर असले की मोहन सूत्रधार म्हणून स्वतःचा बिल्ला लटकवायचा. मी एकदा विचारलं होतं, काहून रे? तर म्हणाला, "फळी खाली दिसली तं टाइमबाबू बिथरते वं. कोणीतरी बाहेर पाहिजेच." अण्णाही हसून म्हणाले होते की फॅक्टरीची फळी कधीच खाली राहत नाही, कोणी ना कोणी रजेवर असतंच.

त्या मे महिन्यातही मोहनचाच बिल्ला फळीवर होता. तो उठला, दाराबाहेर कोणी टकटक करतंय म्हणाला, आणि बघायला गेला. तेव्हापासून त्याचा बिल्ला फळीवरच होता. आई दर दिवाळीला तो चिंचेने घासायची. ती गेल्यावर कोणी घासला नाही, पार काळा पडला.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या रत्नाकर नावाच्या प्रकाशकाचा फोन आला. मूळ खेळाची नवी आवृत्ती निघाली होती, नियम पार बदलले होते. पायथा त्या नव्या नियमांत बसवून छापायचा होता, आणि मोहनची बहीण म्हणून ते मीच करावं अशी त्यांची इच्छा होती. मी उडवून लावणार होते, पण माझी लेक लतिका हटून बसली. "मम्मी, प्लीज. मामा का काम है. मैं हूँ ना." जूनमध्ये ती बंगलोरला नोकरीवर रुजू होणार होती, तोवर घरी मोकळीच. तिच्याबरोबर महिनाभर बसायला मिळेल, ह्या लोभाने मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर तेवढ्याचसाठी म्हटलं.

काम मजेचं निघालं. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका लहान तितकं ते भक्कम, नव्यात बरोबर उलटं. मी सगळे आकडे फिरवले. नावाडीण जुन्या हिशेबाने कोणालाही एका फटक्यात बुडवायची, तिला जरा माणसात आणलं. लतिका शेजारी बसून कूलरच्या वाऱ्यात आंबे चोखायची आणि माझ्या चुका काढायची. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायला सांगितलं की धड्यातलं वाचल्यासारखं बोलते, म्हणून आमचं चालायचं ते असं, मी मराठीत, ती हिंदीत.

मग आम्ही फाटकापाशी आलो. नव्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं होतं, कोणी खेळाडू गैरहजर असेल तर त्याचं पात्र सोबतच राहील, दुसऱ्याने त्याचे फासे टाकावेत. कोणालाही खेळाबाहेर ठेवू नये. लतिका म्हणाली, "यही तो सही है. बेचारा कोई बाहर खड़ा रहे, ये कैसा रूल है?" मलाही पटलं. बिल्ले लटकवा, मोजा, फळी सांभाळा, सगळी कटकट. मी दोन्ही नियम काढून टाकले आणि लिहिलं: फाटक सर्वांसाठी उघडं आहे, बाहेर कोणी राहत नाही.

त्या संध्याकाळी दिवा लावताना मला फळीवर मोहनचा बिल्ला दिसला. लख्ख पिवळा. मी म्हटलं, लतिका, बिल्ला तू घासलास? तर ती म्हणाली, "कौन सा बिल्ला?" अण्णांनी घासला असेल म्हणून मी तो विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टाइप करत होते, अण्णा दिवाणावर पडले होते. दाराच्या चौकटीवर आवाज आला. टिण, टिण. मोहनची ती सवय होती, घरी आला की खिशातलं नाणं चौकटीवर वाजवायचा. मी उठून दार उघडलं. बाहेर पांढरं ऊन, कुत्रंसुद्धा नाही, नुसती गरम वाऱ्याची लू अंगावर आली. मागे वळले तर अण्णा कोपरावर उठून माझ्याकडे बघत होते.

"तुले ऐकू आलं?"

"काय?"

"काही नाही," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

छापण्याआधी एकदा खेळून बघायची पद्धत असते. शनिवारी दुपारी आम्ही बसलो. आमच्या गल्लीतलाच विष्णू आला. मोहनच्या वेळचा हा एकच भिडू जबलपुरात उरला होता. मदन महाल स्टेशनवर रेल्वेत नोकरी, आता टक्कल पडलेलं आणि पोट सुटलेलं. त्याचा जुना बिल्ला त्याने किल्लीच्या जुडग्यात जपून ठेवला होता. लतिकेचाही बिल्ला होता. ती लहान असताना अण्णांनी तिच्या हट्टाखातर 'ल' ठोकून दिला होता. मी सूत्रधार. जुन्या रिवाजाने माझा बिल्ला फळीवर जायला हवा होता. पण तो नियम मीच काढलेला. म्हणून माझाही टेबलावर ठेवला.

"आणि मोहनभाऊचा?" विष्णूने विचारलं.

"नव्या नियमाने तोसुद्धा सोबत," मी म्हटलं, आणि जाऊन खिळ्यावरून काढला. हाताला चटका बसला. दाराशेजारची भिंत तापते आमची, पश्चिमेची आहे.

फळी रिकामी झाली. जन्मात पहिल्यांदा मी ती रिकामी पाहिली.

खेळ सुरू झाला. लतिका तिचं पात्र खेळत होती आणि मामाचंही, त्याचे जुने फासे घेऊन. टेकडी चढून, दगडांखालून ते फाटकापाशी पोचले. मी मोहनच्या शब्दांत वर्णन करत होते. त्याचे शब्द तोंडात घ्यायला बरं वाटत होतं, बाई, खरंच बरं वाटत होतं. खिडकीतून हात आला, मी म्हटलं. टाइमबाबू विचारतो, बाहेर कोण राहिलं?

"कोई नहीं," लतिका म्हणाली. "सब अंदर आ रहे हैं."

"मामाचे फासे टाक."

तिने टाकले. फासे थांबायच्या आत लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. उन्हाळ्यात आमच्याकडे रोज जाते, त्यात काही नवल नव्हतं. पण कूलर बंद झाल्यावर एकदम इतकं शांत झालं की मला माझ्याच कानातला आवाज ऐकू यायला लागला.

टेबलावर लतिकेचा मोबाइल वाजला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मान तिरकी करून बघितलं.

"हे काय वाजून राहिलं?"

विष्णू हसला. "वा वा! पोरगी मराठी बोलायला लागली!"

तिने हळूच मान वळवून त्याच्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"विष्ण्या," ती म्हणाली, "केस कुठी गेले बे तुये?"

विष्णूचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्याला विष्ण्या म्हणणारं आता कोणी उरलेलं नव्हतं. तो उठला, चपला घालता घालता म्हणाला, "चलो दीदी, माझी ड्यूटी आहे." ड्यूटी नव्हती. बिल्ला तसाच टेबलावर टाकून तो गेला.

मी म्हटलं, "लतिका, पुरे झालं. मस्करी बंद."

तिने पाय खुर्चीवर घेतले, मांडी घातली. लतिका अशी कधी बसत नाही. "पाणी दे न वं शैले. माठातलं. लय ऊन होतं." मग ती घराकडे बघायला लागली, फ्रीजकडे, टीव्हीकडे, भिंतीवरच्या फोटोंकडे. नजर एका फोटोवर थांबली. त्याला हार होता, पण तिला तो कळला नसावा.

"आई कुठी गेली? दिसून नाही राहिली."

मी नजर चुकवली.

मी फळीकडे बघितलं. फळी रिकामी नव्हती. एक बिल्ला लटकत होता, अजून जरासा हलत होता. 'ल'. विष्णू गेला तेव्हाही तो लतिकेच्या कोपराखालीच होता, आणि त्यानंतर कोणीही उठून त्या भिंतीकडे गेलं नव्हतं. मी धावत जाऊन तो काढून आणला. टेबलावर ठेवला, मागे बघितलं, पुन्हा फळीवर. पुन्हा काढला, मुठीत धरून बसले. मूठ उघडली तेव्हा त्यात काही नव्हतं.

अण्णा काठी टेकत आतल्या खोलीतून आले. त्यांना कोणी हाक मारली नव्हती. दारात उभे राहिले आणि खुर्चीत मांडी घालून बसलेल्या त्या पोरीकडे बघत राहिले.

"अण्णा," ती म्हणाली, "केवढे थकले जी तुमी."

त्यांनी काठी सोडली. तिच्या डोक्यावर हात ठेवला, चेहऱ्यावरून फिरवला, पुन्हा डोक्यावर. रडत होते आणि हसत होते. मी ओरडले, अण्णा, ती लतिका आहे, माझी लतिका आहे! त्यांनी ऐकलंच नाही. "आला," एवढंच म्हणत होते. "आला नं माया पोरगा." भूक लागली का विचारलं. भात टाकू का विचारलं.

दिवेलागणीला लाइट आली. ते दोघं जेवायला बसले. माझी लेक वांग्याला शिवत नाही. तिने ताटातली सगळी वांगी संपवली आणि आणखी मागितली.

जेवण झाल्यावर अण्णा उठले. भिंतीला धरत धरत पुढच्या दाराशी गेले. जुनी कडी गंजून बसली होती, दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी ती ओढली आणि कोयंड्यात अडकवली. मागे वळले. चेहरा असा निवांत की मी तो लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"झालं," ते म्हणाले. "आता झोपतो."

टिण, टिण.

चौकटीवर, बाहेरून.

"मम्मी." लतिकेचा आवाज. माझ्या मागे ती ताट उचलत होती, आणि आवाज दाराबाहेरून येत होता. "मम्मी, खोलो ना. यहाँ बहुत धूप है."

बाहेर अंधार पडला होता.

मी अण्णांना बाजूला सारून कडी काढली, दार उघडलं. गल्ली रिकामी. समोरच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. पायरीवर पाय ठेवला तर चटका बसला, दुपारच्या फरशीचा बसतो तसा. लतिकेच्या चपला पायरीवर होत्या. मी हाका मारत कोपऱ्यापर्यंत पळत गेले, रस्त्यापर्यंत गेले. परत आले तेव्हा अण्णा दारातच उभे होते.

"उघडून काही होत नाही, शैला," ते अगदी हळू म्हणाले. "मी का कमी उघडलं? पयले पयले आवाज येते. दोनेक वर्षं लय वाजवे तो. मंग कमी कमी होत गेला."

मला आत घेऊन त्यांनी पुन्हा कडी लावली.

मी जुने दोन्ही नियम शब्द न् शब्द परत लिहिले. पण नियमांनी काय होतं? आत बसलेल्याने स्वतः उठून बाहेर जायला हवं. मी त्याच्या पाया पडले. तो अवघडून जातो, माझे हात धरतो, म्हणतो, "थांब न वं, आत्ताच तं आलो." वाईट नाही तो. तो वाईट कधीच नव्हता. मी माझा बिल्ला फळीवर लटकवून पाहिला. सकाळी तो टेबलावर होता आणि 'ल' फळीवर. रत्नाकरला फोन करून म्हटलं, छपाई थांबवा. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही पाठवलेल्या खर्ड्याच्या चाचणी प्रती वाटून झाल्या, सगळ्यांना तुमचा फाटकाचा नवा नियम फार आवडला.

बंगलोरची नोकरी गेली. शेजाऱ्यांना सांगितलं, लतिकेची तब्येत बरी नसते. अण्णा मात्र सुधारलेत, काठीशिवाय चालतात, गाढ झोपतात.

मी संध्याकाळी दारापाशी बसते. कडी काढते, दार लोटून ठेवते, पायरीवर माठातलं पाणी ठेवते. थोड्या वेळाने आवाज येतो. आली का, म्हणते मी, मी इथंच आहे बेटा, बोल. ती बोलते.

काल जरा कमी बोलली.